काकूंच्या वजनाला लावलेली स्प्रिंग

जामबागच्या काकू माझ्या मोटारसायकलवर मागे बसायच्या, पण कधी काही धरायच्या नाहीत. एका बाजूला पाय सोडून ताठ बसत. एक हात मांडीवरच्या कापडी पिशवीवर, दुसरा ओळखीच्यांना दाखवायला मोकळा. "काकू, खांदा तरी धरा," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "नक्को रे. तुझ्यावर कशाला भार?"

देगलूरहून या शहरात शिकायला आलो, तेव्हापासून मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच. पुढे नोकरीच्या मुलाखतीत माझं इंग्रजी घशातच अडकायचं. काकूंनी त्यावर उपाय काढला. रविवारी आम्ही माझ्या वडिलांनी दिलेल्या त्या जुन्या गाडीवरून अफझलगंजच्या ग्रंथालयात जायचो. वाटेत त्या मागून मराठीत प्रश्न टाकत आणि मी हेल्मेटच्या आतून मोठ्यानं इंग्रजीत उत्तरं देत असे. "लाजतोस कशाला? सगळे हॉर्न वाजवतायत, तुझं कोण ऐकतंय?" मला नोकरी लागली ती या रविवारांमुळे.

मग काकूंची कंबर धरली. गाडीचे मागचे शॉकअप दोघांच्या वजनानं पार खाली बसत आणि खड्डा आला की धाडकन आपटत. तो दणका थेट त्यांच्या कंबरेत जाई. रिक्षा त्यांना आवडत नसे. आतून गाव दिसत नाही म्हणायच्या. "आता माझे रविवार संपले," एवढंच बोलून त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. ती तिथं लटकलेली मला बघवेना. दणकट स्प्रिंगचे नवे शॉकअप बसवायचे, असं मी ठरवलं.

स्प्रिंग किती आवळायची, ते दोघं गाडीवर बसल्याशिवाय कळत नाही, असं गॅरेजचा मेस्त्री म्हणाला. काकू दुकानात आल्या त्या पिशवीत पुस्तकं भरूनच. "ही पण नेहमी असते ना!" मेस्त्रीनं माप घेऊन स्प्रिंग लावली, आणि पहिल्याच गतिरोधकावर पुन्हा धाडकन! तसेच परत आलो. मेस्त्रीनं चक्रावून आम्हाला पुन्हा बसवलं, खाली वाकून पाहिलं, आणि ओरडला,

"अम्मा, पाँव उठाओ! पूरा वजन डालो!"

काकूंनी एक पाय गुपचूप त्याच्या स्टुलावर टेकवला होता.

"अरे, नवी चीज आहे, एकदम सगळा भार कशाला," काकू म्हणाल्या. दुकानभर हशा पिकला. त्यात काकूही होत्या. पुढच्या आठवड्यापासून रविवार परत आले.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आली. सामान घेऊन ती टॅक्सीत बसली, तेव्हा काकू म्हणाल्या, "तू हो पुढे. स्टेशनपर्यंत मी याच्या मागे येते." त्या दिवशी त्यांनी वाटेत कुणाला हात दाखवला नाही, मला प्रश्न विचारला नाही. कोठीच्या सिग्नलला माझ्या खांद्यावर हात पडला.

"काय काकू, दुखतंय?"

"नाही रे. चालव हल्लू हल्लू."

स्टेशन येईपर्यंत तो हात तिथंच होता, सगळा भार टाकून.

आता गाडीवर मी एकटाच असतो. दोघांसाठी आवळलेली स्प्रिंग एकट्याला कडक पडते. लहानशा खड्ड्यातही मागची सीट उडते. सर्व्हिसिंगला गेलो की मेस्त्री पाना हातात घेऊन विचारतो, "ढीली कर दूँ, भाई?"

"रैने दो," मी म्हणतो. "अम्मा आते."

तो पाना खाली ठेवतो आणि मागची सीट पुसायला लागतो.