दारातली हरळी

गवत कापायला मी कात्री वापरत असे, हे आधीच कबूल करून टाकतो. श्रीवर्धनला मास्तर होतो. जिल्ह्याच्या गावी एका साहेबाच्या बंगल्यापुढची हिरवळ पाहून आलो आणि डोक्यात खूळ शिरलं. घरापुढचं छान सारवलेलं अंगण खणून मी तिथं हरळी लावली. वाल वाळवायची जागा गेली म्हणून बायको आठवडाभर बोलली नाही.

रोज विहिरीच्या वीस कळशा ओतायच्या. रविवारी पाट घेऊन बसायचं आणि बोटभर उंची राखत, कात्री चालवत पुढं सरकायचं. रस्त्यावरचे विचारत, "मास्तर, गणपतीला अजून चार महिने हायत, आताच कशाला दूर्वा काढता?" मी त्यांना अडाणी समजत असे.

त्या उन्हाळ्यात वडील राहायला आले. जन्मभर भातशेती केलेला माणूस. आता धाप लागायची, म्हणून शेत धाकट्या भावाकडे सोपवलेलं. माझ्याकडे त्यांना कामच नव्हतं. "नुसता बसून खातोय मी," असं ते रोज जेवताना म्हणत, आणि मी रोज "बसा हो आता" म्हणून पुढचा घास घेई.

एका संध्याकाळी शाळेतून आलो तर अंगण बोडकं. वडिलांनी कुदळीनं सगळी हरळी मुळासकट खणून कोपऱ्यात जाळली होती. तिचं एक कांडं राहिलं तरी ती पुन्हा फुटते. आमच्या गावात ज्याच्या शेतात हरळी तो आळशी; त्या घरात मुलगी द्यायलाही लोक बिचकत. घाम पुसत ते म्हणाले, "मास्तराच्या दारात हरळी! लोक काय म्हनतील? म्हटलं, पोराची अब्रू राखावी."

चार दिवसांनी तपासणीला येणाऱ्या साहेबांना मी हिरवळीवर चहाचं आमंत्रण देऊन बसलो होतो. माझा तोल गेला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? सहा महिने खपलो त्या गवतासाठी! आता साहेबांना चहाला कुठं बसवू?" वर्गात ओरडतो तसा भर अंगणात ओरडलो.

वडिलांना आधी कळेचना. हरळी कुणी मुद्दाम लावतं? मग कळलं. ते कुदळ धुऊन आत गेले आणि जेवले नाहीत. मी मात्र जेवलो, दोनदा भात घेऊन. त्याची आजही लाज वाटते.

सकाळी पाहतो तर ते अंगणात. कुठल्याशा वाडीच्या बांधावरून टोपलीभर हरळी आणली होती. वाकून, मागं मागं सरकत, भाताची लावणी करावी तशी चार-चार काड्यांची एकेक चूड मातीत खोचत होते. ज्या गवताशी जन्मभर वैर धरलं तेच लावत होते. मान वर न करता म्हणाले, "ओळ बघ रं. साहेबाला चालंल ना?"

माफी मागायला हवी होती. पण मास्तराच्या जिभेला ती सवय नसते. धोतर खोचलं आणि शेजारी वाकलो. दोन ओळींत कंबर धरली, आणि मी लावलेल्या चुडी आडव्या झाल्या.

वडिलांनी त्या उपटून पुन्हा नीट लावल्या. "सरक तिकडं," ते खेकसले, "तुला न्हाय जमायचं. जा, पानी आन."

मी कळशी उचलून पळालो. घरी आल्यापासून ते पहिल्यांदाच मला काम सांगत होते.