काकाजींच्या सहीचं पत्र

काकाजी जागेपणी हरवत. दिल्लीतल्या बैठकीत एखादा बडा अधिकारी तक्ते दाखवत असायचा, सगळे माना डोलावत असायचे, आणि आमचे काकाजी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत कुठल्या कुठे पोचलेले असायचे. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारत, "मास्तर, मोर्शीकडे आभाळ आलं असन काय?" लोकांना वाटे, म्हातारा पेंगतोय. पण बैठक संपता संपता ते असा एकच प्रश्न टाकत, की तक्तेवाल्याला घाम फुटे.

अकोल्याच्या शाळेतली मास्तरकी सोडून मी त्यांचा स्वीय सहायक झालो आणि बावीस वर्षं राहिलो. अमरावतीला माझी बायको म्हणे, "तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. एक स्वप्नं पाहतो, दुसरा ती टाइप करतो." तिचं खरं होतं. त्या माणसाइतका जीव मी फार थोड्यांना लावला.

खासदारकी, मंत्रिपद, देशभर नाव, सगळं त्यांना मिळालं ते न मागता. मंत्रिमंडळ बनत होतं तेव्हा इच्छुक मंडळी दिल्लीत बंगल्याबंगल्यांना प्रदक्षिणा घालत होती आणि हे मला घेऊन बाजारात पेरू निवडत होते. मी चुळबुळ करायला लागलो तर म्हणाले, "मागून आणलेल्या खुर्चीत ढेकणं निंघते, मास्तर." बोलावणं आलं तेव्हा आमच्या हातात पेरूची पिशवीच होती.

त्यांची आणखी एक सवय मला नेहमी धास्तावून टाकी. दौऱ्यावर निघण्याआधी ते कोऱ्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर सह्या करून तो माझ्या हवाली करत. "दवाखान्यातल्या माणसाले माही वाट पाहा लावू नका. ज्याचं काम असन त्याच्यासाठी लिहून द्या." मी लिहून देई. लोकांना दवाखान्यात खाट मिळे, मुलींना वसतिगृहात जागा मिळे.

मग एका निवडणुकीत ते पडले. पुढची आली तेव्हा पक्षातून फोन येईना. तिकीट दुसऱ्याला जाणार अशी कुजबुज सुरू झाली. हिवाळ्याचे दिवस. काकाजी मोर्शीजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत बाजेवर पडून सातपुड्याची निळी रेघ बघत होते. बागेला ताण दिला होता, म्हणजे बहार धरण्यासाठी झाडांचं पाणी तोडलं होतं. पानं माना टाकून लोंबत होती. मी म्हणालो, "काकाजी, एकदा दिल्लीला चला. नुसतं भेटून येऊ."

"तुमी काहून घाबरून राहिले?" ते डोळे न हलवता बोलले. "ही पानं पाहून मले बी कसंतरी होते. पण मधात पाणी पाजलं का बहार गेला. थांबा लागते."

मी शहरातला माणूस, आम्हाला कुठलं थांबता येतंय! अमरावतीच्या कार्यालयात येऊन सही केलेला एक कागद काढला आणि दिल्लीला पत्र लिहिलं. आयुष्यभर काही मागितलं नाही, आता एकदा संधी द्यावी, हात जोडतो. हिंदी अशी काही ओघवती उतरली, की माझेच डोळे भरून आले.

तिकीट मिळालं नाहीच. पत्र मात्र कुणीतरी मोबाईलवर सोडलं आणि दोन दिवसांत ते अंजनगावपासून अकोल्यापर्यंत फिरलं. काकाजींनीही शेवटी हात जोडले म्हणून लोक हसले. एक वार्ताहर बागेत आला. "काकाजी, हे तुमचंच काय?"

त्यांनी मोबाईल लांब धरून पत्र सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. "सही माही हाय ना?" ते म्हणाले. "मंग पत्र माहंच."

वार्ताहर गेल्यावर मी रडलोच. म्हटलं, "मी खरं सांगून टाकतो."

"काहून? उद्या म्हणतीन, काकाजीच्या सहीवर मास्तर काई बी लिहीत होता. मंग तुमी देल्लेल्या बाकीच्या चिठ्ठ्यायचं काय? कोनाच्या पोरीले वसतिगृहातून काढतीन. गप राहा." आणि थोड्या वेळानं, "हिंदी मात्र गोड लिवली, मास्तर."

त्या वर्षी बाग फुलांनी नुसती पांढरी झाली होती. काकाजी दिवसभर त्या वासात डोळे मिटून पडून असत. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधून शोधून मी थकलो.

वर्षभरातच ते गेले. वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य जोडलं, की अखेर त्यांनाही मोह आवरला नाही. अमरावतीच्या शोकसभेत माझ्या हातात माईक होता. मी पेरूंची गोष्ट सांगितली आणि खाली बसलो. त्यांची आज्ञा माझ्या भित्रेपणाला फार सोयीची होती.

त्या चिठ्ठ्यांवरच्या मुली आता शिकून आपापल्या संसाराला लागल्या आहेत. त्यांचं आता कुणी काही बिघडवू शकत नाही. काकाजी, तुमचा शब्द मोडतोय. ते पत्र मी लिहिलं होतं. त्यांनी कधीच, कुणाकडेच, काही मागितलं नव्हतं.