योरिसच्या खांद्यावरचं डुक्कर

बेल्जियममध्ये, फ्लांडर्समधल्या आमच्या गावात शर्यतीतल्या सायकलवाल्याचे पाय त्याच्या बायकोपेक्षा जास्त जपतात. ओमेरनं तर आपल्या पोराला, योरिसला, कधी जिना चढू दिला नाही. स्वतःच्या लग्नात नाचूसुद्धा दिलं नाही. नवरी बिचारी माझ्याबरोबर नाचली. फार खूश होती, पण ते असो.

एवढं जपूनही वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत योरिस शर्यतीत आपला दुसराच यायचा. दीडशे किलोमीटर झाले, की शेवटच्या मुसंडीला पायांत काही उरायचंच नाही. त्याच्या सायकल-संघानं बजावलं, यंदा गावजत्रेची शर्यत मार, नाहीतर घरी बस.

योरिस खाटकाकडे कामाला होता. हिवाळाभर, दुपारी दुकान बंद असताना, तो शीतघरात अर्धं डुक्कर खांद्यावर घेऊन उठाबशा काढायचा. पाच काढायच्या, दम खायचा, पुन्हा पाच. मी पाहिलं. आता माझ्या पोटात काय राहतंय!

ओमेर शीतघरात घुसला. "गाढवा, हमाल व्हायचंय? पाय जड करून घेतोस?" आणि ठोसा. पोराचं नाक मोडलं. योरिसनं डुक्कर सोडलं नाही.

"बाबा, अजून तीन राहिल्यात."

दुसरा ठोसा.

"आता दोन."

जत्रेच्या दिवशी शेवटच्या चढणीवर योरिसनं सगळ्यांना मागे टाकलं. पाय अजून ताजेच! फक्त शेजारच्या गावचा रुबेन चिकटून राहिला. रेषा वीस पावलांवर आली तसं रुबेननं त्याच्या बरगडीत कोपर घातलं. योरिसनं कपाळ हाणलं. हँडलात हँडल अडकलं आणि दोघे दगडी रस्त्यावर आपटले. रुबेनचं खांद्याचं हाड कडकन मोडलं, योरिसचा गुडघा हाडापर्यंत सोलला. मागून घोळका येत होता.

सायकल सोबत असेल तर पायी रेषा ओलांडलेली चालते. पण दोन्ही सायकली एकमेकींत रुतलेल्या, आणि रुबेन आपली सोडेना.

"सोड, भडव्या!"

"मेलो तरी नाही!"

योरिस खाली बसला, सगळं लटांबर खांद्यावर घेतलं आणि उठला. अगदी शीतघरातल्यासारखा. रक्त गाळत रेषेपार गेला. रुबेन लोंबकळत, लाथा झाडत दुसरा आला.

संघानं योरिसला ठेवून घेतलं. ओमेर डोळे पुसत गर्दीतून आला. मला वाटलं, पोराला मिठी मारणार. त्यानं माझ्याच थोबाडीत भडकावली.

"तू चुगली केली नसतीस, तर पोराचं नाक शाबूत असतं!"

शर्यतीत न उतरता दात गमावलेला गावात मी एकटाच.