कॅसेटवरची कोरी ओळ

नव्वदच्या दशकात इस्लामपुरात स्टँडजवळ कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणाऱ्या निवृत्त फौजीला आम्ही मेजर म्हणायचो. शिलाँगच्या पोस्टिंगवर त्यांना तिथल्या पोरांच्या इंग्रजी रॉक गाण्यांचा नाद लागला. येताना ट्रंक भरून कॅसेटी आणल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण गाण्यामागची गोष्ट ते छातीठोकपणे सांगायचे, आणि कॅसेटच्या कागदावर गाण्याच्या नावाऐवजी तीच लिहायचे: ‘बाप रागावला’, ‘घर इकलं’.

“गोष्ट ठावं नसंल तर नुसता दंगा वाटतो गड्या,” म्हणायचे.

एका गाण्यापुढे ते लिहायचे, ‘दोस्त बर्फात ऱ्हायला’. ते लागलं की गिऱ्हाइकाशीही बोलायचे नाहीत.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकत होतो आणि त्याचा मला माज होता. एकदा म्हणालो, “आवं मेजर, हे गाणं चुकलेल्या बसचं हाय. बर्फाचा शब्दसुद्धा न्हाई त्यात.”

त्यांनी टेप बंद केला.

“असंल. तुमी शिकल्याली मानसं.”

एरवी मला ते अरेतुरे करायचे.

माझी कॅसेट त्यांनी भरून दिली. घरी येऊन कागद पाहिला, तर सगळ्या गाण्यांपुढे गोष्टी होत्या. त्या एका गाण्यापुढची ओळ कोरी होती. तिथं ‘बस चुकली’ असं लिहायला माझा हात अजून धजलेला नाही.