काळ्या पट्टीवरचे आठ रोबो

गुडगावच्या नव्या सेक्टरात आमच्या शाळेपर्यंत पक्का रस्ता पोचायच्या आधी रोबोटिक्स लॅब पोचली होती. पाणी टँकरने यायचं, पण माहितीपत्रकावर रोबो होता. पुण्याहून आलेली मी तिथे तो विषय शिकवत होते.

प्रवेशाच्या दिवसांत पालकांसमोर प्रदर्शन ठरलं. अट एकच: रोबोने जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून आपणहून चालायचं. मुलांनी आणलेल्या आठपैकी सात रोबो म्हणजे बाजारातल्या रिमोटच्या गाड्या, वरून चंदेरी कागद. मला ते दिसत होतं. तरी मी यादीत सातही जणांपुढे 'तपासले' लिहिलं, कारण मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, "मॅम, पेरेंट्स के सामने कुछ रुकना नहीं चाहिए."

आठवा सहावीतल्या एका मुलीचा. घरचे नागपूरचे. तिचा रोबो खरंच आपणहून चालायचा. फक्त वळणावर थांबायचा.

"अडकला तर मी उचलून घेईन हं," मी तिला आधीच सांगितलं.

"अडकत नाही मॅम, बघतो. त्याला थोडा टाइम द्या ना, प्लीज."

शिट्टी वाजली. सात वडील खिशात हात घालून उभे राहिले. सगळे रिमोट एकाच जातीचे निघाले. एकाने उजवं बटण दाबलं, सातही रोबो उजवीकडे वळले. दुसऱ्याने मागे घेतलं, सातही मागे आले. एक कोणाच्या तरी आईच्या सँडलवर चढला.

"भाईसाब, अपना छोड़िए!"

"आप छोड़िए पहले! मेरे बच्चे का है!"

या गोंधळात आठवा वळणापर्यंत आला आणि थांबला. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उचलायला वाकले.

"मॅम, नको! पट्टीवर कोणाची तरी गाडी पडलीय. त्याला पुढचं दिसत नाहीये."

खरंच एक चंदेरी गाडी पट्टीवर उताणी पडून चाकं फिरवत होती. मी ती उचलली. आठवा क्षणभर थांबला, वळला आणि सावकाश शेवटपर्यंत गेला. टाळ्या पडल्या नाहीत. सगळे एकमेकांचे रिमोट बंद करण्यात गुंतले होते.

नंतर एक वडील तिच्यापाशी आले. "बेटा, ये कहाँ से लिया?"

"अंकल, बनाया."

"हाँ हाँ, पर दुकान कौन-सी?"

तिने रोबोतले सेल कोणत्या दुकानातून आणले ते सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.