लगामाचा खालचा हिसका
घोडी मागच्या दोन पायांवर उभी, पाठीवर नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात त्याची छोटी भाची. भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या रस्त्यावर, भर दुपारी. आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"वा, काय नाचतेय!" नवरदेवाचा मामा ओरडला. "बँडवाले भैया, और जोर से!"

ती नाचत नव्हती. कान मागे पडलेले, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. कोणीतरी तिच्या पायांशी फटाक्यांची माळ लावली होती. माझा मुलगा लगामाला लोंबकळून तिला खाली ओढत होता. जितका ओढी तितकी ती वर जाई. भाची जिनावरून घसरायला लागली होती.

सासरे नागपूरहून सरकारी कचेरीत शिपाई म्हणून भोपाळला आले. नवऱ्यानं नोकरी न करता वरातीची घोडी पाळली. तो गेल्यावर ही घोडी मुलानं आणि मी मिळून तयार केली. मुलगा तिला नाच शिकवी. ढोल वाजला की लगामाला खाली हिसका, तिनं पुढचे पाय उचलले की गूळ. वरातवाले खूश होतात.

मी अंगणात पातेलं बडवायची. ती दचकली की दोर ढिला सोडून अंगावर हात ठेवायची. मान खाली आली की मूठभर चणे. दोर ढिला म्हणजे थांब, एवढंच.

मुलगा हसायचा. "आई, तिला वरातीला न्यायचंय, भजनाला नाही."

"खालच्या हिसक्यानं वर चढवू नकोस," मी म्हणायची. "ती बिथरली की तुझा हात हिसकाच देणार."

ऐकलं नाही.

त्या दुपारी वरातीच्या मागून चालत होते, ती मी गर्दीत घुसले. "लगाम सोड!"

"सोडला तर पळेल, आई!"

"सोड मेल्या, तूच चढवतोयस तिला!"

त्यानं सोडला. मानेपर्यंत हात पोचेना, मी खांद्यावर ठेवला. ती क्षणभर तशीच राहिली. मग पुढचे पाय खाली आले, एक टाप माझ्या पायावर. मान खाली घालून, थरथरत, ती माझी मूठ हुंगू लागली. मुठीत काही नव्हतं. आता पुन्हा उठते की काय, या धास्तीनं मी हात हलवला नाही.

"पोरीला आधी उतरवा," मी म्हणाले.

नवरदेवाच्या मामानं पोरीला उचलून खाली घेतलं. मग मला विचारतो, "का हो, नाच संपला?"

त्या दिवसापासून नाच बंद. मुलगा कुरकुरतो, कुरकुरू दे. पातेलं रोज वाजतं. लांब कुठं फटाका वाजला तरी मी हातातलं टाकून अंगणात जाते, दोर ढिला आहे ना बघते, परत येते, पुन्हा जाते. पायाचा अंगठा वाकडाच राहिला.

भाची वाचली. नवरदेव वाचला. घोडी वाचली, आणि मीही.