मोनोग्राम मॅचिंग करून मिळेल

घरात स्प्रेचं काम असलं की रंग कुठे जाऊन बसेल, याचा नेम नाही. दोरीवरच्या चादरीवर बसतो, माठावर बसतो. एकदा तर आमच्या पांढऱ्या मांजरीवर चंदेरी बसला होता. किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी जमवत नाही, ते आपले बसत जातात. आणि पुसायला गेलं की आणखी पसरतात!

आमचे हे खामगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. मग गाड्यांकडे वळले. गाडीवर कंपनीचं चमकतं चिन्ह आणि नाव असतं ना, त्याला इकडे मोनोग्राम म्हणतात. हल्ली लोकांना ती चमक नको असते. मोनोग्राम गाडीच्याच रंगाचा पाहिजे! हे तो दोऱ्याने अलगद सोडवतात, घासतात, अंगणात खोक्यात ठेवून रंगवतात आणि परत चिकटवतात. वस्तू तळहाताएवढी, पण रंग तंतोतंत जुळायला हवा. सगळी अक्कल तिथेच लागते.

आणि नेमकं तेच आता हातचं चाललं आहे. शुगर डोळ्यांत उतरली, पडदा खराब झाला, आता रंग ओळखणं कमी कमी होत जाणार, असं डोळे तपासायच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. यांनी घरी आल्यावर मला सांगितलं, "काही नाही वो, चष्म्याचा नंबर वाढला."

शिबिरात मी यांच्या शेजारीच उभी होते, हे विसरले!

*

नजर चांगली होती तेव्हाची गोष्ट. वडनेर भोलजीचे एक कास्तकार पांढरी गाडी घेऊन आले. पांढऱ्यात किती पांढरे असतात, हे मला लग्नानंतरच कळलं. दुधाचा वेगळा, चुन्याचा वेगळा, कापसाचा वेगळा. यांनी बसून बसून तो जुळवला, मोनोग्राम बसवला, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दारात हजर. "पेंटरभाऊ, घात झाला! मोनोग्राम चोरीले गेला!"

हे उठून गाडीपाशी गेले. त्यांचा हात धरला आणि गाडीच्या नाकावर ठेवला. "हाताले लागते का काही?"

"हाव, लागते."

"मंग? डोळ्याले लागला नाही पाह्यजे, याचंच तर काम देल्लं होतं तुमी!"

त्या दिवशी हे जेवताना दोनदा आपसूक हसले. मीही हसले. आता तो किस्सा कोणी काढला की मला हसू येत नाही.

*

सोनाळ्याच्या एका गुरुजींच्या गाडीच्या नावाची अक्षरं सुटी सुटी होती. रंगवून वाळत ठेवायला जागा नव्हती, म्हणून यांनी ती गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारीच मांडली. गाडीचा रंगही मेला गव्हाच्या चिकासारखा! संध्याकाळी एक अक्षर कमी. शोधशोध शोधलं. शेवटी यांनी दुसरं अक्षर आणून रंगवलं आणि गाडी दिली.

पुढे पाहुणे आले म्हणून मी कुरडया तळायला घेतल्या. सगळ्या फुलल्या, एक काही केल्या फुलेना! झाऱ्याने वर काढली, तर इंग्रजी 'ई'.

हे म्हणाले, "मॅचिंग पाह्य! रोज सयपाक करणारीले ओळखू आली नाही!"

एवढी ऐट होती माणसाला.

*

मग राहुलची गाडी आली. राहुल आमच्याच वॉर्डातला, प्रवासी गाडी चालवतो. जयंतीच्या आधी त्याने गाडी निळी करून घेतली होती. "काका, मोनोग्रामबी आपल्या निळ्यात पाह्यजे."

आपला निळा! हा रंग यांनी जन्मभर कालवला. वॉर्डातल्या कमानी, झेंड्याचा ओटा, विहाराचं फाटक, सगळीकडे यांचाच हात. डबा न पाहता कालवायचे. त्या दिवशीही तसाच कालवला, मारला, चिकटवला आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. "हे पाह्य! याले म्हंतेत निळा!"

मी दारातून पाहिलं. निळा कसला, मोरपंखी! निळ्या गाडीच्या कपाळावर मोरपंखी मोनोग्राम. मी काही बोलणार, तेवढ्यात राहुलने माझ्याकडे पाहून हळूच नको म्हणून मान हलवली.

"एक नंबर झाला, काका," म्हणाला, आणि यांच्या पाया पडून गाडी घेऊन गेला.

जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या गाडीवरचा मोनोग्राम चोख निळा होता. पोराने दुसरीकडून करून आणला होता, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "आमच्या काकांचं काम हाय!"

हे गर्दीत उभे राहून ऐकत होते. छाती फुगली होती नुसती. मी पदर डोळ्यांना लावला, तर मला म्हणतात, "धूळ लय उडून राह्यली, नाही?"

*

तेव्हापासून हे रंग कालवायला बसले की मी तांदूळ निवडायचं निमित्त करून शेजारी बसू लागले. यांनीही मला सरळ कधी विचारलं नाही. असंच, सहज विचारल्यासारखं करायचं.

"या दोन्हीतला कोन्ता जवळचा वाटते तुले? मले समजते, तुले समजते का ते पाह्यतो."

मला कुठली रंगांची भाषा येते! मी म्हणायची, "हा मेथीवर गेला, हा पालकावर."

"गाड्या रंगवून राह्यलो का भाजीबाजार भरवून राह्यलो?" असं खेकसायचे. पण पालकाचाच घ्यायचे.

असे काही महिने निभावले. मग शेजारची कमल काय बोलावं, काय बोलू नये, हे न कळून बोलून गेली, "भाऊजी, आजकाल रंग तं वहिनीच पास करते म्हणे!"

हे हसले. खोकं उचलून आत ठेवलं, वर पोतं टाकलं. मग कितीतरी दिवस अंगण स्वच्छ राहिलं, दोरीवरच्या चादरी पांढऱ्या राहिल्या. लग्नापासून मी ज्यासाठी भांडत होते, ते अंगण मिळालं, आणि मला त्यात पाय ठेववेना. रागावले असते, दोन भांडी आपटली असती तरी चाललं असतं. ते नुसते बसून राहायचे, याचीच मला भीती वाटायची.

*

शेवटी मीच ओढत खामगावच्या डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. पुढच्या वर्षीचा वैशाख चालू होता. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची बाई. तिने रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक यांच्यासमोर उघडलं. "काका, या ठिपक्यांत एक आकडा लपलाय. सांगा बरं कोणता?"

यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग वरच्या ट्यूबकडे पाहिलं.

"म्याडम, राग नका मानू. पन ट्यूबच्या उजेडात रंग पाह्यत नसतेत. ट्यूब रंगाले फसवते. रंग पाह्याचा तं उन्हात."

मी कपाळाला हात लावला. पण डॉक्टरीण भली होती. "चला," म्हणाली, आणि पुस्तक घेऊन यांच्यासोबत बाहेर आली.

भर दुपार. दवाखान्याच्या आवारातली फरशी चपलेतून पोळत होती. कुत्रं गाडीखाली शिरून जीभ काढून पडलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हे पुस्तक हातात घेऊन मधोमध उभे राहिले. गाडीच्या पत्र्याकडे पाहतात तसं ते तिरपं धरलं. उलटं धरलं. जवळ नेलं, लांब नेलं. डॉक्टरीण घाम पुसत होती. मी पदर डोक्यावर घेऊन उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, कोणताही सांगा, चुकीचा सांगा, पण एक आकडा सांगा.

यांनी पुस्तक मिटलं. दोन्ही हातांनी डॉक्टरणीला परत दिलं.

"म्याडम, आज ऊनच पडून नाही राह्यलं नीट. उद्या येतो."